शंभर टक्क्यांचा अर्थ : लिनक्सवरील स्वयंसेवी संगणन आणि प्रोसेसरवरील भार

स्वयंसेवी संगणनाचे सॉफ्टवेअर लिनक्सच्या संगणकावर बसविल्यानंतर अल्पावधीतच एक तक्रार बहुधा ऐकू येते : प्रोसेसर सतत शंभर टक्के गुंतलेला दिसतो. संगणक विभागातील अनेकांच्या उपयोगाचा असला, की या तक्रारीला धार येते. एखाद्या विद्यार्थ्याचे ध्वनिमुद्रणांचे विश्लेषण किंवा मोठ्या पाठसंग्रहातील शब्दगणना अपेक्षेपेक्षा अधिक वेळ घेते. यंत्रावर काय चालले आहे हे तो पाहू लागतो. यादीच्या अग्रभागी त्याला अपरिचित नावाच्या चार-आठ प्रक्रिया आढळतात आणि दोष कोणाचा याचा निर्णय तत्क्षणी होतो. पुढची पायरी म्हणजे त्या प्रक्रिया सक्तीने बंद करणे. या निर्णयात कधी तथ्य असते, कधी नसते. ते केव्हा असते आणि केव्हा नसते हे ठरविण्याची रीत सांगणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. स्वयंसेवी संगणनाचे स्वरूप

घराघरांतील व कार्यालयांतील संगणक दिवसाचा बराच काळ रिकामे असतात. हा रिकामा वेळ शास्त्रीय गणितासाठी उपयोगात आणावा, ही कल्पना १९९६ मध्ये सुरू झालेल्या मर्सेन अविभाज्य संख्यांच्या शोधात प्रत्यक्षात आली. १७ मे १९९९ रोजी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने ‘सेटी ॲट होम’ हा प्रकल्प सुरू केला आणि ही कल्पना सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या संकेतांत परग्रहावरील बुद्धिमान जीवांची काही खूण सापडते काय, हे तपासण्याचे काम स्वयंसेवकांच्या संगणकांवर वाटून देण्यात आले. या प्रकल्पाने नवे काम वाटणे ३१ मार्च २०२० रोजी थांबविले. तथापि त्याच्या अनुभवातून डेव्हिड अँडरसन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले ‘बॉइंक’ हे सर्वोपयोगी सॉफ्टवेअर मागे राहिले आणि अनेक प्रकल्पांचा ते आधार बनले. ‘आइनस्टाइन ॲट होम’ हा त्यांपैकी एक. अरेसिबो येथील दुर्बिणीच्या नोंदींतून एक पल्सर, म्हणजे स्पंदक तारा, या प्रकल्पाने शोधल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. तो ज्या गणितातून उमगला ते गणित अमेरिकेतील व जर्मनीतील स्वयंसेवकांच्या संगणकांवर झाले होते.

बॉइंकची रचना ध्यानात घेतल्यावाचून पुढील विवेचन स्पष्ट होणार नाही. त्यात तीन घटक आहेत. पहिला घटक म्हणजे पार्श्वभूमीवर अखंड चालणारा ग्राहक-कार्यक्रम. तो प्रकल्पाकडून काम आणतो, वाटतो व उत्तर परत पाठवितो. स्वतः गणित करीत नाही. दुसरा घटक म्हणजे प्रत्यक्ष गणित करणारे, प्रत्येक प्रकल्पाचे वेगवेगळे कार्यक्रम. तिसरा घटक म्हणजे या सर्वांवर देखरेख ठेवण्याची खिडकी. डेबियन आणि उबुंटू या वितरणांत ग्राहक-कार्यक्रम ‘बॉइंक’ याच नावाच्या स्वतंत्र वापरकर्त्याच्या खात्यावर, यंत्रणेची एक सेवा म्हणून चालतो. देखरेखीची खिडकी बंद केली तरी गणित चालूच राहते. ‘सॉफ्टवेअर बंद केले तरी भार उतरत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा एवढेच असते.

२. आकडा काय सांगतो

‘टॉप’ ही आज्ञा दिली असता प्रत्येक प्रक्रियेसमोर टक्केवारी दिसते. नेहमीच्या मांडणीत ही टक्केवारी संपूर्ण यंत्राची नसून एका गाभ्याची असते. अर्थात् चार गाभ्यांच्या यंत्रावर चार प्रक्रिया प्रत्येकी शंभर टक्के दाखवितात, आणि चारही गाभे वापरणारी एकच प्रक्रिया चारशे टक्के दाखविते. यात नियमबाह्य असे काही नाही.

याहून महत्त्वाची आहे ती वरच्या भागातील सारांशाची ओळ. तिच्यात ‘यूएस’ म्हणजे सामान्य प्राधान्याच्या कामांवर खर्च झालेला वेळ. ‘एनआय’ म्हणजे ज्यांचे प्राधान्य मुद्दाम उतरविले आहे अशा कामांचा वेळ. ‘आयडी’ म्हणजे रिकामा वेळ. आणि ‘डब्ल्यूए’ म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेला रिकामा वेळ. स्वयंसेवी संगणन यथास्थित चालले असेल तर त्याचा जवळजवळ सर्व वेळ ‘एनआय’ या सदरात पडावयास हवा. ‘एनआय’ नव्वद असणे आणि ‘यूएस’ नव्वद असणे यांत मूलभूत भेद आहे. पहिल्या स्थितीत इतरांनी नाकारलेला वेळ वापरला जात आहे. दुसऱ्या स्थितीत इतरांशी बरोबरीने स्पर्धा होत आहे. ‘सरासरी भार’ म्हणून दाखविला जाणारा आकडा मात्र हा भेद पाळीत नाही. धावण्यास सिद्ध असलेली प्रत्येक प्रक्रिया, तिचे प्राधान्य कितीही कमी असो, त्यात एक म्हणून मोजली जाते. म्हणून आठ गाभ्यांच्या यंत्रावर बॉइंक चालू असता सरासरी भार आठच्या आसपास दिसणे स्वाभाविक आहे. त्यावरून यंत्र अडले आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

३. ‘नाइस’ मूल्य आणि त्याची मर्यादा

प्राधान्य उतरविण्याचे साधन म्हणजे ‘नाइस’ हे मूल्य. ते उणे २० पासून १९ पर्यंत असते. मूल्य जितके मोठे तितका हक्क कमी. बॉइंक आपली गणिते १९ या मूल्याने चालविते. लिनक्सच्या कर्नलमध्ये प्रत्येक मूल्याला एक वजन नेमून दिलेले आहे : शून्य मूल्याचे वजन १०२४, तर १९ चे केवळ १५. एकाच गाभ्यावर या दोन प्रकारच्या प्रक्रिया एकमेकींसमोर आल्या, तर दुसरीच्या वाट्याला १०३९ पैकी १५ भाग, म्हणजे सुमारे दीड टक्का वेळ येतो. कालव्याच्या पाण्याची पाळी असणाऱ्या गावात, इतरांची रोपे भिजल्यावर उरलेले पाणीच ज्याने घ्यावयाचे असा एखादा शेतकरी असावा, तशी ही व्यवस्था आहे. पाट रिकामा असेल तेव्हा सगळे पाणी त्याचे. दुसऱ्याने मागितले की त्याच्या वाट्याला थेंब.

एवढेच खरे असते, तर विद्यार्थ्याच्या शब्दगणनेला विलंब होण्याचे कारण नव्हते. परंतु आजच्या लिनक्समध्ये वाटप एकाच पातळीवर होत नाही. प्रक्रियांचे गट पाडलेले असतात. जेथे या गटांसाठी प्रोसेसरचे नियंत्रण कार्यान्वित असते, तेथे वेळ प्रथम गटागटांत वाटला जातो आणि मग प्रत्येक गटात अंतर्गत वाटप होते. ‘सिस्टिमडी’ ही व्यवस्था यंत्रणेच्या सर्व सेवा एका गटात आणि बसलेल्या वापरकर्त्यांच्या सर्व प्रक्रिया दुसऱ्या गटात ठेवते. दोन्ही गटांचे मूळ वजन सारखेच, म्हणजे १०० असते. बॉइंक सेवा असल्यामुळे ते पहिल्या गटात पडते. त्याचे १९ हे मूल्य त्या गटातील इतर सेवांच्या तुलनेत त्याला नम्र ठेवते; परंतु शेजारच्या गटातील विद्यार्थ्याच्या कामाशी त्या मूल्याचा संबंधच उरत नाही. सर्व गाभ्यांवर दोन्ही बाजूंनी पुरेपूर मागणी असेल, तर वाटप दीड टक्का व साडेअठ्ठ्याण्णव टक्के असे न होता जवळजवळ निम्मे-निम्मे होते. पाणी आधी दोन गावांत समान वाटले आणि एका गावात मागणी करणारा तो एकटाच शेतकरी असला, तर त्या गावाचा सगळा वाटा त्यालाच मिळावा, तसाच हा प्रकार आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला यात अपरिचित असे काही वाटू नये. चिन्हाचे मूल्य स्वयंभू नसून ते ज्या व्यवस्थेत उभे असते तिच्यातील इतर चिन्हांशी असलेल्या संबंधांतून ठरते, हे सोस्यूरचे प्रतिपादन सर्वपरिचित आहे. १९ या संख्येचेही तसेच आहे. व्यवस्थेची सीमा कोठे आखली आहे हे पाहिल्यावाचून त्या संख्येचा अर्थ लावता येत नाही.

याच जातीची आणखी एक योजना २०११ मध्ये, कर्नलच्या २.६.३८ या आवृत्तीत आली. तिला ‘ऑटोग्रुप’ म्हणतात. प्रत्येक सत्रातील प्रक्रियांचा ती आपोआप गट करते, आणि नाइस मूल्य त्या गटापुरतेच परिणामकारक ठेवते. टर्मिनलमधून स्वतः चालविलेल्या बॉइंकच्या बाबतीत हे ध्यानात ठेवावे.

४. उपायांतील एक सापळा

वरील कारणमीमांसा ठाऊक असलेले कित्येक जण बॉइंकच्या सेवेचे वजन, म्हणजे ‘सीपीयूवेट’, १०० वरून १ वर आणतात. आणि तरीही फरक पडला नाही म्हणून चकित होतात. कारण उघड आहे. ते वजन सेवांच्या गटात, इतर सेवांशी तुलना करताना लागू होते. संपूर्ण सेवागटाचे वजन १०० च राहते, आणि त्या गटात दुसरे कोणी मागणी करीत नसेल, तर सगळा वाटा पुन्हा बॉइंककडेच जातो. इतकेच नव्हे, तर असे वजन नेमल्याने आधी बंद असलेले गटवार नियंत्रण चालू होते. म्हणजे औषधानेच आजार जडावा अशी अवस्था होऊ शकते.

योग्य उपाय दोन आहेत. पहिला असा, की बॉइंकसाठी सर्वांत वरच्या पातळीवर एक स्वतंत्र ‘स्लाइस’ निर्माण करावी, तिचे वजन १ ठेवावे आणि सेवा तिच्यात हलवावी. असे केले म्हणजे एका बाजूस १ व दुसऱ्या बाजूस १०० अशी खरी तुलना घडते. यंत्र रिकामे असेल तेव्हा मात्र बॉइंकला सर्व वेळ मिळत राहतो, आणि हाच या उपायाचा विशेष. दुसरा उपाय ‘सीपीयूकोटा’ नेमण्याचा. कोट्याची मर्यादा निरपेक्ष असते. २०० टक्के कोटा म्हणजे दोन गाभ्यांइतका वेळ, मग बाकीचे गाभे रिकामे पडून असले तरी अधिक नाही. तक्रार संथपणाची असेल तर पहिला उपाय उचित. उष्णतेची अथवा विजेच्या खर्चाची असेल तर दुसरा. हे बदल मूळ सेवाफाइलमध्ये न करता ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ या आज्ञेने वेगळ्या पुरवणीत करावेत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या पुढील आवृत्तीबरोबर ते पुसले जात नाहीत.

५. बॉइंकच्या स्वतःच्या मर्यादा-निवडी

बॉइंकमध्येही मर्यादा घालण्याची सोय आहे. त्यांपैकी दोन निवडींची नेहमी गल्लत होते. ‘किती टक्के प्रोसेसर’ या निवडीने एका वेळी चालणाऱ्या कार्यांची संख्या ठरते. आठ गाभ्यांच्या यंत्रावर ५० टक्के म्हणजे चार. ‘प्रोसेसरचा किती टक्के वेळ’ या निवडीने मात्र कार्यांची संख्या तीच राहते. प्रत्येक कार्य थोड्या थोड्या अंतराने थांबवून पुन्हा चालू केले जाते. या दुसऱ्या पद्धतीत भार व तापमान सारखे हेलकावे खातात, म्हणून सामान्यतः पहिली पसंत करावी.

आणखी एक कारण पहिल्या पद्धतीच्या बाजूने आहे. पुष्कळ प्रोसेसरांत एकच प्रत्यक्ष गाभा यंत्रणेला दोन गाभ्यांसारखा दिसतो. अशा जोडीतील एका अर्ध्यावर सामान्य काम व दुसऱ्या अर्ध्यावर बॉइंकचे काम चालले, तर कर्नलच्या हिशेबी दोघांत स्पर्धा नसते, म्हणून नाइस मूल्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही; प्रत्यक्षात मात्र दोघेही एकाच गाभ्याची अंगे वाटून घेतात आणि सामान्य काम मंदावते. कार्यांची संख्या प्रत्यक्ष गाभ्यांपेक्षा काहीशी कमी ठेवल्यास ही अडचण पुष्कळ हलकी होते.

‘संगणक वापरात असताना थांबावे’ अशीही एक निवड आहे. परंतु ग्राहक-कार्यक्रम वेगळ्या खात्यावर सेवा म्हणून चालत असल्यामुळे, वापरकर्त्याच्या पडद्यावर कळफलक व माउस हलत आहेत की नाहीत हे त्याला नेहमीच कळते असे नाही. ही निवड केलेली असूनही काम थांबत नसेल, तर दोष निवडीत नसून पडद्याच्या व्यवस्थेकडून परवानगी न मिळण्यात असण्याचा संभव आहे. अशा वेळी ‘इतर कामांचा भार अमुक टक्क्यांपेक्षा वाढला तर थांबावे’ ही निवड अधिक विश्वसनीय ठरते. तिचे मूळ मूल्य २५ टक्के असते.

निवडी बदलूनही काही घडत नाही, याचे आणखी एक कारण असते. प्रकल्पाच्या खात्यात ठरविलेल्या निवडी सर्व यंत्रांना लागू होतात. परंतु त्या यंत्रावर स्थानिक निवडींची फाइल असेल, तर तिचेच चालते. खात्यात केलेला बदल यंत्रावर दिसत नसल्यास प्रथम ही स्थानिक फाइल पाहावी.

६. खरा बिघाड कसा ओळखावा

येथवर ज्याचा विचार केला, तो बिघाड नव्हे, वाटपाचा प्रश्न होय. खऱ्या बिघाडाची लक्षणे वेगळी असतात.

पहिले लक्षण : कार्य वेळ खाते, पण पुढे सरकत नाही. ‘बॉइंकसीएमडी’ या आज्ञेने प्रत्येक कार्याचा प्रोसेसर-वेळ, घड्याळी वेळ व पूर्ण झालेला अंश कळतो. अर्ध्या तासाच्या अंतराने दोन नोंदी घेऊन त्या ताडून पाहाव्यात. प्रोसेसर-वेळ वाढला आणि अंशही वाढला, तर काम ठीक आहे. प्रोसेसर-वेळ वाढला, पण अंश तासन्‌तास तेथेच असेल, तर कार्य अडकले असण्याची शंका घ्यावी. घड्याळी वेळ वाढला आणि प्रोसेसर-वेळ फारसा वाढला नाही, तर उलट बॉइंकलाच वेळ मिळेनासा झाला आहे.

दुसरे लक्षण : गणित करणाऱ्या कार्यक्रमाऐवजी ग्राहक-कार्यक्रमच सतत मोठी टक्केवारी दाखवितो. त्याचे काम केवळ व्यवस्थेचे असल्यामुळे हे स्वाभाविक नव्हे. त्याच्या नोंदवहीत एकच संदेश वारंवार येत आहे काय, ते पाहावे.

तिसरे लक्षण : सेवा थांबविली तरी प्रक्रिया उरतात. गणिताच्या कार्यक्रमाला ग्राहकाकडून ठराविक काळाने ‘जिवंत आहे’ असा संकेत मिळत असतो. तो सुमारे ३० सेकंद मिळाला नाही, तर त्याने आपण होऊन थांबावे अशी योजना आहे. त्यानंतरही टिकून राहिलेली प्रक्रिया अनाथ समजून बंद करावयास हरकत नाही.

काही वेळा लक्षण असते, पण बिघाड नसतो. काही प्रकल्प आपले गणित आभासी यंत्रात चालवितात. तेव्हा यादीत बॉइंकच्या ऐवजी व्हर्च्युअलबॉक्सचे नाव दिसते आणि दोष भलत्याचाच मानला जातो. तसेच चित्रप्रोसेसरवर चालणारे काम हलके वाटत असले, तरी त्याला माहिती पुरविण्यासाठी व उत्तराची वाट पाहण्यासाठी मुख्य प्रोसेसरचा एक संपूर्ण गाभा गुंतू शकतो. हे साहाय्यक काम साध्या गणितापेक्षा वरच्या प्राधान्याने चालते.

शेवटी, यंत्र संथ होण्याचे कारण प्रोसेसर नसून स्मृती असू शकते. प्रत्येक कार्याला स्मृती लागते. ती अपुरी पडली म्हणजे यंत्रणा डिस्कवर अदलाबदल करू लागते आणि ‘डब्ल्यूए’ हा आकडा फुगतो. अशा वेळी प्राधान्य कितीही उतरविले तरी उपयोग होत नाही. कार्यांची संख्या अथवा बॉइंकला दिलेली स्मृतीची मर्यादा कमी करावी लागते.

७. तपासाचा क्रम

सारांश, तपास पुढील क्रमाने करावा. प्रथम सारांशाच्या ओळीत वेळ कोणत्या सदरात पडतो ते पाहावे. ‘एनआय’ मोठा असून कोणाचेही काम खोळंबलेले नसेल, तर काहीही करू नये. काम खोळंबत असेल, तर बॉइंक थोडा वेळ स्थगित करून तेच काम पुन्हा मोजावे. फरक पडला नाही, तर कारण अन्यत्र शोधावे. फरक पडला, तर गटांची रचना, जोडगाभे व स्मृती या तीन बाजू क्रमाने तपासाव्यात. तक्रार उष्णतेची असेल, तर ‘सेन्सर्स’ या आज्ञेने तापमान पाहून कार्यांची संख्या कमी करावी. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम मोजल्यावाचून दुसऱ्याला हात घालू नये.

कार्ये सक्तीने मारून टाकणे हा शेवटचा मार्ग होय. कार्यक्रम आपली प्रगती अधूनमधून डिस्कवर लिहून ठेवतात; सेवा रीतसर थांबविली, तर गणित शेवटच्या नोंदीपासून पुन्हा सुरू होते. प्रक्रिया मारली, तर कार्य चुकले म्हणून नोंदले जाऊ शकते. मग प्रकल्पाला तेच काम दुसऱ्या स्वयंसेवकाकडे पाठवावे लागते, आणि तेवढा वेळ व तेवढी वीज व्यर्थ जाते. यंत्र सोडावयाचे असेल, तर ‘नवे काम नको’ असे कळवून हातचे काम पुरे होऊ देणे हेच उत्तम.

८. अनुमतीचा प्रश्न

या साऱ्या तपासापूर्वी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे : हे सॉफ्टवेअर येथे कोणाच्या अनुमतीने चालले आहे? रिकामा वेळ फुकट असतो, ही समजूत बरोबर नाही. रिकामा प्रोसेसर फार कमी वीज घेतो, गुंतलेला पुष्कळ अधिक घेतो. पंखा झिजतो, खोली तापते, आणि देयक संस्थेच्या नावे येते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, एका तंत्रशिक्षण संस्थेच्या संगणकांवर अनुमतीवाचून वाटप-संगणनाचे सॉफ्टवेअर बसविल्याबद्दल तेथील एका कर्मचाऱ्यावर फौजदारी कारवाई झाली होती. ते प्रकरण २००२ मध्ये तडजोडीने मिटले. हेतू निरुपद्रवी असला तरी साधन दुसऱ्याचे होते.

म्हणून विभागाच्या यंत्रावर स्वयंसेवी संगणन चालवावयाचे असेल, तर त्याची लेखी अनुमती, जबाबदार व्यक्तीचे नाव, ठरविलेल्या मर्यादा आणि काम स्थगित करण्याची रीत या चार गोष्टी त्या यंत्राच्या सर्व वापरकर्त्यांना ठाऊक असाव्यात. ज्या विद्यार्थ्याचा प्रबंध शब्दगणनेवर अवलंबून आहे, त्याला रात्री दहा वाजता हे काम दोन तासांसाठी थांबविण्याचा अधिकार व आज्ञा, दोन्ही उपलब्ध असली पाहिजेत. स्वयंसेवा ही स्वेच्छेची असते. ज्याचा वेळ खर्ची पडतो त्याची इच्छा तीत गृहीत धरून चालत नाही.